पुस्तिका ‘करू नका’ म्हणते आणि आपण नेमकं तेच केलं, मग पेटंट मिळेल का?

आर्वी तालुक्यातून एका भावाचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाले म्हणून छापत नाही, पत्र थोडं कापून देतेय, भाषा त्यांचीच ठेवलीय.

“ताई नमस्कार. मी आयटीआय फिटर, घरी सात एकर वावर, अन् सोंगणीच्या टायमाले दोन थ्रेशर चालवतो. घरच्या बियाण्यासाठी मी येगळा ड्रम बनवला. लोखंडी दात्याच्या जागी जाड रबराचे वाकडे दाते लावले, जाळी अन् दात्यातलं अंतर वाढवलं, अन् फेरे कमी कराच्या ऐवजी वाढवून मिनिटाले ६५० वर नेले. सारे म्हणत होते दाण्याची डाळ होईन. नाही झाली. बारदान्यात शंभर दाणे टाकले तर ८४ उगवले, जुन्या ड्रमचे ६१. मंग पेटंटचा अर्ज केला. आता मुंबईहून तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात दोन कागद देले. एक जुनं पेटंट, भुईमुगाच्या शेंगा तोडाच्या मशीनचं, त्यात रबराचे दाते हायेत. दुसरी सोयाबीन बियाण्याची एक पुस्तिका, तिच्यात लिवलं का ड्रम ४०० फेऱ्याच्या वर नेऊ नका. साहेब म्हणते, दोनी मिळवले का तुमचंच मशीन होते. माह्या भाचा इंजिनिअरिंगले हाय, तो म्हणते मामा हे टीचिंग अवे हाय, पुस्तिका तर उलटं सांगून रायली, आपण जिंकलो. खरं हाय काय? रिपोर्ट येऊन चार महिने झाले.”

भाऊ, पहिले तारखेचं बोलू. रिपोर्ट निघाला त्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेलं पाहिजे, नाही गेलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात, मग ८४ उगवले काय अन् १०० उगवले काय, कोणी विचारत नाही. तुमच्याकडे दोन महिने आहेत. कमी पडत असतील तर फी भरून आणखी तीन महिने मागता येतात, पण तो अर्ज सहा महिने संपायच्या आत टाका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. तुमच्याकडे लाईट कधी जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता भाच्याचं. पोरगा हुशार आहे, त्याने बरोबर जागी बोट ठेवलंय, पण ‘जिंकलो’ म्हणायला अजून वेळ आहे. का ते नीट सांगते, कारण याच मुद्द्यावर मी स्वतः एक केस हरलेली आहे आणि तो माणूस अजून माझ्या डोळ्यासमोर येतो.

आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या, टीचिंग अवे, म्हणजे जुना कागदच त्या वाटेपासून दूर जायला सांगतो असं म्हणणं, हा शब्दच नाही. कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेन्टिव्ह स्टेपची व्याख्या आहे, तिचा अर्थ असा की आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही, आणि त्या धंद्यातल्या जाणकार माणसाला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नको. सगळी मारामारी त्या ‘सहज सुचण्या’वर आहे. साहेबांनी दोन कागद जोडले याचा अर्थ एकाच कागदात तुमचं पूर्ण मशीन त्यांना सापडलं नाही, म्हणजे ‘नवीन’ आहे हे बहुतेक त्यांनी मान्य केलंय, आणि ही चांगली बातमी आहे. कारण एकाच जुन्या कागदात सगळं असतं ना, तर त्या कागदाने खाली दहा वेळा ‘असं करू नका’ लिहिलेलं असतं तरी तुम्हाला उपयोग नव्हता. गोष्ट आधी लिहिली गेली, विषय संपला. टीचिंग अवे कामाला येतं ते फक्त ‘दोन कागद जोडणं सोपं होतं’ या म्हणण्याला उत्तर द्यायला.

आणि ते उत्तर असं असतं की साहेब, ज्या माणसाने हे दोन कागद वाचले असते तो माझ्या मशीनकडे आलाच नसता, तो उलट दिशेने गेला असता, कारण कागदच त्याला म्हणत होता की इकडं येऊ नको.

याची जुनी आणि मला सगळ्यात आवडणारी केस अमेरिकेतली आहे, अ‍ॅडम्स नावाच्या माणसाची. त्याने एक बॅटरी बनवली, एका बाजूला मॅग्नेशियम, दुसऱ्या बाजूला क्युप्रस क्लोराइड, कोरडी पडून राहायची आणि साधं पाणी किंवा मिठाचं पाणी टाकलं की सुरू. दोन्ही पदार्थ बॅटरीवाल्यांना आधीच माहीत होते. पण त्या काळचं ज्ञान असं होतं की वापरात नसतानाही चालू राहणारी आणि गरम होणारी बॅटरी कामाची नाही, आणि पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीत जे द्रव चालतात ते मॅग्नेशियमला खातात. म्हणजे जाणकार माणूस त्या वाटेला फिरकलाच नसता. सैन्याच्या तज्ज्ञांनी पण त्याला सांगितलं की हे चालायचं नाही. मग दुसऱ्या महायुद्धात त्याच सरकारने तीच बॅटरी दुसऱ्या कंपन्यांकडून बनवून घेतली आणि त्याला कळवलं सुद्धा नाही, त्याला कळलं ते १९५५ मध्ये. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याचं पेटंट कायम ठेवलं. कोर्टाने म्हटलं त्याचा अर्थ असा की जुन्या साधनांचे माहीत असलेले दोष जर माणसाला नवीन शोधापासून परावृत्त करत असतील तर ते लक्षात घ्यावे लागतील. पण त्याच निकालात हे पण आहे की जुन्या गोष्टीच्या दोषांकडे फक्त डोळेझाक करून ती वापरली म्हणजे शोध लागला असं होत नाही. भाच्याला हे दुसरं वाक्य पाठ करायला सांगा.

तुमच्या केसला आणखी जवळची एक आहे, गोर कंपनीची, तीच ज्यांचं पाणी न शिरणारं कापड रेनकोटात असतं. टेफ्लॉनचा दांडा गरम करून ताणायचा होता. धंद्यात सगळे मानायचे की हळू ताणा, नाहीतर तुटेल, आणि हळू ताणला तरी तुटतच होता. १९६९ मध्ये बॉब गोरने एक दांडा ओव्हनमधून काढला आणि एका झटक्यात ओढला. तो तुटला नाही, कितीतरी पट लांबला. पुढे कोर्टात गेलं तेव्हा १९८३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे वजनात घेतलं की हा माणूस धंद्यातल्या मान्य समजुतीच्या विरुद्ध गेला होता. सगळे म्हणत होते हळू, याने जोरात केलं आणि जमलं. तुमच्या ड्रमची गोष्ट ऐकली तेव्हा मला पहिले हेच आठवलं, आणि खरं सांगते, मनातून आनंद झाला.

अमेरिकेचे हे निकाल मुंबईच्या पेटंट ऑफिसला बांधील नाहीत एवढं ध्यानात ठेवा. दाखला म्हणून एखादा देता येतो, विचार पटवून द्यायला, पण उत्तराचा पाया आपलं कलम आणि तुमचे दोन कागद हाच पाहिजे.

आता माझी हरलेली केस. वरुडकडचे एक काका होते, संत्र्याचं ग्रेडिंग मशीन, रोलरचं. तपासणीत एक जुना लेख आला होता ज्यात लिहिलं होतं की संत्र्यासाठी पट्ट्याचं मशीन बरं, रोलरवर फळाला मार लागतो. मी खूश. उत्तरात मोठ्या अक्षरात लिहिलं की हा लेख रोलरपासून दूर जायला सांगतो. सुनावणी व्हिडिओवर होती. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे लेखाच्या पुढच्या पानावरचा एक परिच्छेद वाचून दाखवला, त्यात होतं की साल जाड असेल आणि वेग कमी ठेवला तर रोलर पण चालतात. मी ते पान वाचलंच नव्हतं, माझ्याकडे फोटोकॉपी एका पानाचीच होती आणि मी दुसरं पान मागवलं नव्हतं. काका काही बोलले नाहीत. फोन ठेवताना एवढंच म्हणाले की ताई, चहाले या कधी. तेव्हापासून मी कागदाचं शेवटचं पान वाचल्याशिवाय उत्तराला हात लावत नाही.

‘हे कमी चांगलं, ते जास्त चांगलं’ असं सांगणं म्हणजे ‘हे करू नका’ असं सांगणं होत नाही. अमेरिकेत १९९४ ची गर्ली नावाच्या माणसाची केस आहे, सर्किट बोर्डात इपॉक्सी वापरण्याची. जुन्या कागदात लिहिलं होतं की इपॉक्सी दुसऱ्या एका पदार्थापेक्षा हलकं पडतं, पण वापरता येतं. कोर्ट म्हणालं, हलकं म्हटलं म्हणून काय झालं, वापरता येतं हे तर सांगितलंच ना. गर्ली हरला. आपल्याकडे कृषी सल्ल्याचं तर हेच असतं, ‘शक्यतो टाळावे’, ‘शिफारस केलेली नाही’, ‘योग्य राहील’, असे शब्द. भाऊ, तुमच्या पुस्तिकेत नेमका शब्द कोणता आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ‘नेऊ नका’ आहे की ‘४०० च्या आसपास ठेवावेत’ आहे? त्याच्या आजूबाजूला कारण दिलंय का? पुढे कुठे असं तर नाही ना की ओलावा जास्त असेल तर फेरे वाढवता येतात? आपल्याकडच्या बऱ्याच सल्ल्यांमध्ये ओलाव्याप्रमाणे फेरे कमीजास्त सांगितलेले असतात. एक अशी ओळ निघाली तर पुस्तिका दार लावत नाही, फट ठेवते.

आणि समजा पुस्तिकेत पक्कं ‘नेऊ नका’ आहे, कारण पण दिलंय, की सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, अंकुर सालीच्या अगदी खाली असतो, जोराचा मार बसला की दाणा वरून चांगला दिसतो पण उगवत नाही. एकदम खरं कारण आहे. पण आता साहेबांच्या खुर्चीत बसून बघा. साहेब म्हणतील, पुस्तिका लोखंडी दात्यांबद्दल बोलतेय, ती इशारा देतेय तो लोखंडाच्या माराचा. दुसऱ्या कागदात रबर आहे. ज्या मिस्त्रीला रबराचे दाते हातात मिळाले त्याच्यासाठी तो इशारा उरतोच कुठे? मार मऊ झाला तर वेग वाढवून पाहणं हे कोणीही करेल. तुमच्या उत्तराला हा सगळ्यात मोठा धोका आहे आणि भाच्याने याचा विचार केलेला दिसत नाही. ‘पुस्तिका उलटं सांगते’ एवढं लिहून पाठवलं तर याच एका वाक्याने ते उत्तर पडेल.

आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा एक निकाल याच अंगाने जातो. भांडी लेथवर घासताना धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट होतं, मिर्झापूरकडच्या भांड्यांच्या धंद्यातलं, आणि ते रद्द झालं, कारण कोर्टाला त्यात कारखान्यातली नेहमीची सुधारणा दिसली, त्याच्या पलीकडचं काही दिसलं नाही. चांगला मिस्त्री रोज जे करतो ते पेटंट नाही. तुम्हाला दाखवायचंय ते हे की चांगला मिस्त्री इथे थांबला असता.

म्हणून पहिले त्या भुईमुगाच्या पेटंटकडे जा. पूर्ण वाचा, फक्त चित्र नाही. भाच्याला बसवा, इंग्रजीत असेल तर ओळीओळीने मराठीत सांगायला लावा. त्यात रबर कशासाठी लावलंय? शेंग ओली असते, देठ तोडायचा असतो, म्हणून लावलंय का? वेग किती सांगितलाय? जर त्यात असं असेल की रबर असलं तरी वेग कमीच ठेवावा नाहीतर शेंग फुटते, तर भाऊ तुमच्या हाती सोनं आहे, कारण मग दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात, हळू चालवा, आणि दोन्ही मिळवले तर हळू फिरणारा रबरी ड्रम बनतो, तुमचा नाही बनत. आणि जर त्यात लिहिलं असेल की रबरामुळे वेग वाढवता येतो, तर टीचिंग अवे सोडा, मग तुमचं भांडण जाळीच्या अंतरावर आणि दात्याच्या वाकावर न्यावं लागेल. दोन्हीपैकी काय निघेल ते मला इथे बसून सांगता येत नाही, पण उत्तर तिथेच आहे.

आता टेप घ्या आणि ड्रमजवळ जा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण पत्रात फेरे आहेत, ड्रमचं माप नाही. दाण्याला फेऱ्यांशी काही घेणं नाही, त्याला मार बसतो दात्याच्या टोकाच्या वेगाचा. एका दात्याच्या टोकापासून समोरच्या दात्याच्या टोकापर्यंत व्यास मोजा, मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणा, फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. ६० सेंटीमीटरचा ड्रम ४०० फेऱ्यांवर फिरवला तर टोकाचा वेग येतो सेकंदाला साधारण १२.६ मीटर. तोच ड्रम ६५० वर नेला तर २०.४. हा खरा फरक आहे, पुस्तिकेच्या विरुद्ध जाणं म्हणतात ते हे. पण तुमचा ड्रम जर लहान असेल, म्हणजे ३७ सेंटीमीटरचा, तर ६५० वर पण टोकाचा वेग १२.६ च येतो. म्हणजे तुम्हाला वाटलं आपण जोरात चालवलं आणि दाण्याला लागला तो पुस्तिकेतलाच मार. समोरचा अधिकारी मेकॅनिकलचा असेल तर हे गणित त्याला दोन मिनिटांत येतं. तुमच्या तोंडून पहिले यायला पाहिजे. फेरे पण टॅकोमीटरने मोजा, पुलीच्या हिशोबावर जाऊ नका, पट्टा घसरतो, लोड आल्यावर फेरे पडतात, आणि उत्तरात रिकाम्या ड्रमचे आणि माल चालू असतानाचे दोन्ही आकडे द्या.

मग उगवणीची चाचणी. ८४ आणि ६१ वाचून माझं काळीज भरून आलं, कारण २०२० च्या खरिपात आमच्या घरी विकतचं बियाणं उगवलं नाही आणि दुबार पेरणी करावी लागली होती, बाबा सकाळी वावरात जाऊन तासात बोट घालून बघायचे की कोंब आहे की नाही. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला उगवण किमान ७० टक्के लागते, म्हणजे तुमचा जुना ड्रम बियाणं नापास करत होता आणि नवीन पास करतो. ही गोष्ट कोणालाही समजते. पण पेटंटच्या उत्तरात एवढ्याने भागत नाही. तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्या आहेत, रबर, अंतर आणि वेग. साहेब विचारतील की ८४ कशामुळे आले? निव्वळ रबरामुळे आले असतील तर वेगाचं काय राहिलं?

म्हणून एकाच वावरातली, एकाच गंजीतली सोयाबीन घ्या. कोणाकडे तरी गंजी ताडपत्रीखाली झाकलेली असेलच अजून. चार वाटे करा. एक लोखंडी दाते आणि हळू, एक लोखंडी आणि जोरात, एक रबरी आणि हळू, एक रबरी आणि जोरात, वाढवलेल्या अंतरासकट. ओलावा मोजून लिहा, बाजार समितीत किंवा एखाद्या व्यापाऱ्याकडे मीटर असतो, मागितला तर पाच मिनिटांसाठी देतात. प्रत्येक वाट्यातले निवडून नाही, हात घालून येतील तसे शंभर दाणे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडून सात-आठ दिवसांनी मोजायचे, आणि एकदाच नाही, प्रत्येक वाट्याचे चार बारदाने करा. डाळ झालेले दाणे वेगळे मोजा. कुटारात, म्हणजे भुशात, किती दाणे गेले ते पण बघा, कारण मला शंका आहे की तुमचा खरा फायदा तिथे पण असेल, हळू चालवला की शेंगा न फुटता कुटारात जातात ना, आणि बियाण्यासाठी हळू चालवणारे सगळे तो तोटा सोसतात. फोटो तारखेसकट. जमलं तर कृषी विज्ञान केंद्रातल्या कोणाला उभं करा आणि सही घ्या.

रबरी-जोरात जर रबरी-हळूपेक्षा चांगलं निघालं, किंवा उगवण तेवढीच राहून कुटारातली नासाडी कमी झाली, तर तुमचं म्हणणं उभं राहतं. दोन्ही कागद वाचलेल्या माणसाला हे अपेक्षितच नव्हतं. आणि जर दोन्ही सारखेच निघाले, तर मला लपवायचं नाही भाऊ, वेगाचा मुद्दा कमजोर होतो.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि जिच्यावर सगळं अडून आहे. तुमच्या अर्जातल्या दाव्यात, म्हणजे क्लेममध्ये, वेग लिहिलाय का? अर्ज कोणी लिहिला ते माहीत नाही, पण मी असे कितीतरी अर्ज पाहिलेत ज्यात दावा एवढाच असतो की ‘रबराचे दाते असलेला ड्रम, जाळी, आणि चौकट’. आता विचार करा, तुम्ही उत्तरात म्हणणार की पुस्तिका जास्त वेगाला नाही म्हणते आणि मी जास्त वेग वापरला, आणि तुमच्या दाव्यात वेगाचा शब्दच नाही. मग साहेब म्हणतील, तुमच्या दाव्यात तर हळू फिरणारा रबरी ड्रम पण बसतो, आणि तो तर दोन्ही कागदांतून सरळ निघतो. कागद ज्या गोष्टीला नाही म्हणतो ती गोष्ट दाव्यात दिसली पाहिजे, नुसती तुमच्या वावरात असून चालत नाही.

दावा सुधारता येतो. पण कलम ५९ प्रमाणे सुधारणा फक्त कमी करण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा खुलाशासाठी, आणि जे अर्जाच्या वर्णनात पहिल्यापासून होतं तेवढंच आत घेता येतं. म्हणजे वर्णनात कुठे तरी ६५० फेरे, दात्याच्या टोकाचा वेग, अंतर किती मिलिमीटर, हे लिहिलेलं असेल तर ते उचलून मुख्य दाव्यात आणा. दावा अरुंद होईल, होऊ द्या. आणि वर्णनातच नसेल तर आता घुसवता येत नाही. आजच अर्जाची कॉपी काढून पेन्सिलने खुणा करा, जिथे जिथे वेग आणि अंतर आलंय तिथे. आणि दावा यंत्राचाच ठेवा, ‘सोयाबीन मळण्याची पद्धत’ असा नको, कलम ३(एच) मध्ये शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही, नवीन हरकत कशाला ओढवून घ्यायची.

अजून एक विचारायचं राहिलं. अर्ज टाकायच्या आधी हा ड्रम तुम्ही दुसऱ्यांच्या वावरात चालवला होता का? चाचणी म्हणून, अर्जाच्या आधीच्या एका वर्षाच्या आत, आणि उघड्यावर चालवल्याशिवाय इलाज नव्हता म्हणून चालवला असेल तर कलम ३२ तुम्हाला सांभाळतं. पण पोत्यामागे पैसे घेऊन दोन हंगाम चालवला असेल तर त्याला चाचणी म्हणणं अवघड आहे. हे मला खरं खरं कळवा, उत्तरात स्वतःहून लिहायचं नसलं तरी तुमच्या सल्लागाराला माहीत पाहिजे.

लोक ‘डाळ होईल’ म्हणत होते, त्याचं पण मोल आहे. गावातले बोलले ते तर आहेच, पण कोणी जाणकार, कृषी सहायक, थ्रेशर बनवणारा कारखानदार, यांच्यापैकी कोणाचा तारखेसह व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल की असं करू नका, तर तो जपून ठेवा. अ‍ॅडम्सच्या केसमध्ये तज्ज्ञांचा तो अविश्वास कोर्टाने बघितला होता. पण हा जोडीचा पुरावा, मुख्य भार दोन कागदांवर आणि चार वाट्यांवरच राहू द्या.

उत्तर लिहिताना पुस्तिकेतलं वाक्य आहे तसं पूर्ण द्या, मागची-पुढची ओळ कापू नका. तुमच्या विरोधात जाणारी ओळ असेल तर तीही द्या आणि ती का लागू होत नाही ते लिहा. मग भुईमुगाच्या पेटंटमधलं वाक्य. मग सांगा की दोन्ही जोडले तर काय बनतं आणि तुमचं काय आहे. मग आकडे. आणि शेवटी लेखी मागा की मान्य नसेल तर सुनावणी द्यावी. सुनावणी व्हिडिओवर होते, त्या दिवशी घरी बसू नका, आर्वीला किंवा वर्ध्याला जिथे नेटवर्क टिकतं तिथे बसा, आणि ड्रमचा एक रबरी दाता हातात ठेवा. दाखवता येतो. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं, ते आधीच तयार ठेवा.

भाच्याला रागवू नका. त्याने तो शब्द शोधून काढला नसता तर तुम्ही कदाचित उत्तरच दिलं नसतं. त्यालाच कामाला लावा, पेटंटचं भाषांतर त्याने करावं, बारदाने तुम्ही सांभाळावे.

मला तीन गोष्टी पाठवा, या आठवड्यात. पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो आणि त्याच्या मागच्या-पुढच्या पानांचा पण, अर्जातले दावे, आणि ड्रमचा व्यास टोकापासून टोकापर्यंत, सेंटीमीटरमध्ये. व्यास पहिले पाठवा, मोजायला पाच मिनिटं लागतील, आणि तो ३७ च्या आसपास निघाला तर चार वाटे करायच्या आधी मला फोन करा.